काहून?

मलकापूरहून बुलडाण्याला जाताना राजूर घाट चढण्याआधी मोताळा लागतं. जिल्ह्यातली माणसं आपला मुलूख दोन शब्दांत सांगतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा घाटाखालचं. तालुक्यात नळगंगेचं धरण आहे, तरी कोरडवाहू शेतकऱ्याचं वर्ष इथंही कापूस, सोयाबीन, मका आणि तुरीच्या भरवशावरच निघतं, आणि त्या भरवशाची दोरी पावसाच्या हातात असते.

या भागात ‘का’ असं फारसं कोणी विचारत नाही. ‘काहून’ म्हणतात. काहून उशीर केला, काहून जेवला नाही, काहून तोंड उतरलं. दिवसातून पन्नास वेळा तोंडी येणारा शब्द. पण एका ठिकाणी तो उच्चारताना माणसं आवाज खाली आणतात. ज्या घरातल्या कोणी आपलं आयुष्य आपल्या हातानं संपवलेलं असतं, त्या घरासमोर ताडपत्री अंथरलेली असते. आजूबाजूच्या खेड्यांतले सोयरे येऊन बसलेले असतात, बायका आत असतात. नवा आलेला माणूस पाणी पितो, शेजारच्याकडे कलतो आणि हळूच विचारतो, “काहून?” उत्तर तयार असतं. कर्ज होतं. दारू होती. घरात कटकट होती. लग्न जुळत नव्हतं. एक शब्द, फार तर दोन. विचारणारा मान हलवतो आणि विषय मिटतो.

मला या मिटण्याबद्दल लिहायचं आहे. एका शब्दाचं उत्तर मिळालं की आपण पुढं विचारायचं थांबतो, आणि उद्या त्याच वाटेवर जाऊ शकणारा दुसरा कोणी, कदाचित त्याच ताडपत्रीवर बसलेला, आपल्या नजरेतून सुटतो.

पोलिसांच्या कागदावरही उत्तर एका शब्दाचंच असतं. ठाण्यात आधी ‘मर्ग’ दाखल होतो, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद. मग पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, नातेवाइकांचे जबाब. दुःखानं सुन्न झालेलं घर त्या वेळी जे सांगता येईल ते सांगतं. पुष्कळदा जे सांगायला कमी लाज वाटते ते सांगतं. त्यातून एक कारण निवडलं जातं. देशभरातली अशी कारणं एकत्र करून एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, दरवर्षी आपला अहवाल काढतो. २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कारणांच्या तक्त्यात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के, ‘आजारपण’ १८.४ टक्के आणि ‘दिवाळखोरी किंवा कर्ज’ ४.१ टक्के.

हा तक्ता पुढं आला की वाद सुरू होतो. एक म्हणतो, बघा, कर्जाचा बाऊ उगाच करतात, खरं कारण घरातली भांडणं. दुसरा म्हणतो, सरकार आकडे दडवतं. दोघंही एका मृत्यूला एक कारण असतं असं धरून चालतात, आणि चूक तिथंच होते. हप्ता भरायला पैसे नव्हते म्हणून बायकोचे दागिने गहाण पडले. त्यावरून अबोला धरला गेला. अबोल्यात दारू वाढली, दारूनं पोटाचं दुखणं मागं लागलं. आता हे कोणत्या रकान्यात लिहायचं? कर्ज, कुटुंब, व्यसन की आजार? तक्ता भरणाऱ्या हवालदाराला एकच जागा भरायची असते. तो भरतो. त्याची काही चूक नाही. चूक आपली, की आपण तो रकाना म्हणजेच माणसाची गोष्ट समजतो.

नोंदीही सगळ्या होत नाहीत. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष मांडले होते. त्यांच्या अंदाजानं २०१० या एका वर्षात भारतात सुमारे १,८७,००० आत्महत्या झाल्या. पोलिसांकडची संख्या तिच्यापेक्षा बरीच कमी होती, आणि ही तूट पुरुषांपेक्षा बायकांच्या बाबतीत अधिक होती. खेड्यात राहणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. सुनेच्या मृत्यूला ‘चुकून झालं’ म्हणणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

विदर्भात आणखी एक कागद आहे, आणि आपली समजूत घडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तो म्हणजे मदतीची फाईल. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलडाणा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हापासून ‘आत्महत्याग्रस्त जिल्हा’ हे बिरुद बुलडाण्याला चिकटलं. त्याच वर्षीच्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळू लागले, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. त्यासाठी काय काय लागतं पाहा. सातबारा आणि आठ-अ, म्हणजे मयत शेतकरी होता याचा पुरावा. बँकेचा, सोसायटीचा किंवा परवानाधारक सावकाराचा दाखला, म्हणजे कर्ज होतं आणि ते थकलं होतं याचा पुरावा. तलाठ्याचा अहवाल, पोलीस पाटलाचा जबाब, शवविच्छेदनाची प्रत. तहसीलमधून फाईल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जाते आणि शिक्का बसतो: पात्र किंवा अपात्र. तेरवी व्हायच्या आधीच लोक त्या घराला विचारू लागतात, “केस पात्र झाली का?”

मदत हवीच, आणि लवकर हवी. पण या फाईलला गेलेल्या माणसाचं एकच नातं कळतं, बँकेशी असलेलं. त्याचा भाऊ, बायको, साडू, कृषी केंद्राचा मालक, ज्याच्याकडून हातउसने घेतले तो शाळेतला मित्र, यांतलं कोणीच तिच्यात नसतं. आणि शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईनं जीव दिला, तर फाईलच्या हिशेबात ती शेतकरीसुद्धा नसते. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा घरांतल्या ५०५ बायकांना गाठलं होतं. नवऱ्याच्या मागं ४० टक्के बायकांना शेतजमिनीचा हक्क अजून मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क मिळालेल्या अवघ्या ३५ टक्के होत्या. कर्ज मात्र तिचं आहे हे सांगायला सगळे येतात.

या फाईलनं आणखी एक गोष्ट केली. आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शेतकरीच उभा राहतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या २२,७४६ पैकी शेतीवर जगणारे, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ४,२४८ होते. देशभर ११,२९०. त्याच अहवालात गृहिणींचा आकडा २५,३०९ आहे. शेतकऱ्याचं दुःख यामुळं तसूभरही कमी होत नाही. पण ज्या पंचवीस हजार बायकांसाठी मोर्चा निघाला नाही, पॅकेज आलं नाही, त्यांच्याबद्दल ‘काहून’ कोणी विचारलं?

आत्महत्येचा विचार समाजाच्या अंगानं करण्याची रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं ‘आत्महत्या’ हे पुस्तक १८९७ साली निघालं. हे कृत्य माणसाचं अगदी खाजगी, एकट्याचं, असं सगळे मानत होते. द्युर्केमनं युरोपभरच्या नोंदी मांडून दाखवलं की त्याचं प्रमाण समाजासमाजांत ठरावीक रीतीनं बदलतं. प्रॉटेस्टंटांत जास्त, कॅथलिकांत कमी. अविवाहितांत जास्त, मुलाबाळांच्या घरात कमी. युद्धाच्या काळात ते उतरतं. बाजार कोसळला की वाढतं आणि, हे ऐकून वाचक चमकतो, अचानक भरभराट आली तरी वाढतं. त्यानं दोन गोष्टी मोजायला सांगितल्या. एक, माणूस इतरांशी किती बांधला गेलेला आहे. दुसरी, समाजाचे नियम त्याच्या इच्छांना किती आवर घालतात. बंध फार सैल झाले तरी धोका, फार आवळले तरी धोका. आवर सुटला तरी धोका, आवर गळ्याशी आला तरी धोका.

यातला शेवटचा प्रकार, जिथं नियमच माणसाचा श्वास कोंडतात, द्युर्केमला आपल्या काळात फारसा महत्त्वाचा वाटला नाही. त्यानं तो एका तळटीपेत उरकला. उदाहरण म्हणून त्या टीपेत गुलाम आहेत, फार लहान वयात लग्न झालेले नवरे आहेत आणि मूल नसलेली विवाहित स्त्री आहे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्या टीपेपाशी बराच वेळ थांबलो. आपल्याकडच्या कितीतरी मुली त्या चार ओळींत राहतात. विशीच्या आत लग्न, माहेर पन्नास किलोमीटरवर, फोन नवऱ्याच्या हातात, वर्षभरात ‘काही आहे का’ म्हणून सुरू होणारी चौकशी, बाजाराला जायचं तर सासूची परवानगी. तिच्याभोवती माणसांची कमी नसते. दिवसभर घर भरलेलं असतं. तिला एकटं वाटतं ते माणसं नाहीत म्हणून नव्हे. त्या माणसांत तिच्या बाजूचं कोणी नाही म्हणून. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१६ साली जगात झालेल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के भारतात झाल्या, आणि जगातल्या बायकांपैकी भारतातल्या बायका १८ टक्क्यांच्या आसपास आहेत.

म्हणून ‘पूर्वी एकत्र कुटुंबं होती, म्हणून असं होत नव्हतं’ हे वाक्य मला पटत नाही. ते बोलणारा बहुधा पुरुष असतो आणि त्याला ओट्यावरचं एकत्र कुटुंब आठवत असतं, चुलीपाशी बसलेलं नाही. माणसाला धरून ठेवणारं नातं आणि जखडून ठेवणारं नातं लांबून सारखंच दिसतं.

आता कर्जाकडं वळू. कर्ज माणसाला कसं घेरतं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण ते एकदम येत नाही, वाटेवाटेनं येतं. घाटाखालचा पाच एकरांचा एक शेतकरी डोळ्यांपुढं आणू. तो कोणी एक नाही, पण ओळखीचा वाटेल. सोसायटीचं पीककर्ज मागच्या वर्षी थकलं, म्हणून यंदा नवं मिळालं नाही. या जिल्ह्यात तर २०१२ साली जिल्हा मध्यवर्ती बँकच अडचणीत आली होती. नागपूर आणि वर्ध्याच्या बँकांबरोबर बुलडाण्याच्या बँकेवरही रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले होते, आणि गावोगावच्या सोसायट्यांची मुळं त्याच बँकेत होती. तर आपला शेतकरी जूनमध्ये कृषी केंद्रात गेला. बी, खत, औषध उधारीवर घेतलं. माल निघाला की देतो, हा वायदा. पाऊस पेरणीनंतर वीस दिवस दडून बसला. दुबार पेरणी करावी लागली, त्यासाठी साडूकडून हातउसने घेतले. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात आला तो अर्धा, आणि भाव पडलेला.

इथपर्यंत ही पैशाची गोष्ट आहे. पुढची गोष्ट पैशाची उरत नाही. कृषी केंद्र गावच्या मुख्य रस्त्यावर आहे, म्हणून तो मागच्या गल्लीनं जायला लागतो. तो रस्ता सुटला की रस्त्यावरची चहाची टपरी सुटते, टपरीबरोबर संध्याकाळचं बोलणं सुटतं. आठवडी बाजारात घेणेकरी भेटतात, म्हणून तो बाजाराला पोराला पाठवतो. साडूच्या मुलीचं लग्न निघतं. त्याचे पैसे दिलेले नाहीत, कोणत्या तोंडानं जायचं? बायकोला पाठवून तो शेतात थांबतो. राखीला बहीण येते तेव्हा ओवाळणीत काय घालायचं या चिंतेनं तो सकाळीच बांधावर निघून जातो आणि बहीण ताट झाकून परत जाते. तिकडं बायकोनं गटातून कर्ज काढलेलं असतं. गटाचा नियम असा की एकीचा हप्ता चुकला तर तो बाकीच्यांनी भरायचा. कालपर्यंत जिच्याजवळ मन मोकळं करायची ती शेजारीणच आता दारात वसुलीला उभी राहते. फोन वाजला की घरात कोणी उचलत नाही.

कर्जाचा आकडा कागदावर असतो, पण त्याचं खरं काम नात्यांत चालतं. एकेक वाट बंद होत जाते. ज्यांच्याकडून मदत मिळाली असती तीच माणसं तोंड चुकवायची माणसं होतात. म्हणून दोन लाखांचं कर्ज असलेला एक माणूस तग धरतो आणि साठ हजारांच्या कर्जात दुसरा खचतो. फरक रकमेत नसतो. कितीजणांच्या दारात जाणं त्याला अजून शक्य आहे, यात असतो.

वाटा बंद झाल्यावर मनात काय होतं, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेली उपपत्ती आज बरीच मानली जाते. त्यांच्या मते दोन भावना एकत्र आल्या की धोका वाढतो. पहिली, मी कोणाचा नाही. दुसरी, मी सगळ्यांवर ओझं झालो आहे. ही दुसरी भावना आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. ‘माझ्यापायी तुमचे हाल’, ‘मी घराला भार झालो’, ‘मी नसलो तरी तुमचं भागेल’ ही वाक्यं आपल्या घरांत बोलली जातात, आणि आपण ‘उगंच काहीतरी नको बोलू’ म्हणून ती झटकून टाकतो. ओझं झाल्याचा हा हिशेब नेहमी चुकीचा असतो. गेलेल्या माणसाच्या घरी वर्षानंतर जाऊन पाहा, कोणाचं ओझं हलकं झालेलं नसतं. पण त्या घडीला त्याला तो हिशेब पक्का वाटतो, कारण दुखणाऱ्या मनाची नजर आखडते. रात्री राजूर घाट उतरताना गाडीच्या दिव्यात पुढचा तुकडा तेवढा दिसतो, बाजूचं रान, खालची गावं काही दिसत नाही. गावं नसतात असं नाही. एडविन श्नाइडमन यांनी आयुष्यभर या विषयाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं होतं की अशा माणसाला मृत्यू हवा असतो असं नाही, त्याला असह्य झालेली मनाची वेदना थांबायला हवी असते.

यात आजाराचाही भाग असतो आणि तो लपवू नये. नैराश्य हा आजार आहे. झोप उडते, भूक मरते, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही. दोन आठवड्यांच्या वर असं राहिलं तर डॉक्टरला दाखवावं. औषधानं आणि समुपदेशनानं माणूस बरा होतो, मलेरिया-टायफॉइडसारखाच. मात्र आजार म्हटला की भोवतालचं सगळं सुटलं, असं समजू नये. गोळी सुरू झाली आणि घरातला छळ सुरूच राहिला, तर गोळीनं किती काम करायचं?

नात्यांचे धागे तुटण्यात धोका आहे, तर ते बांधण्यात बचाव असला पाहिजे. हे नुसतं म्हणणं नाही, तपासून पाहिलेली गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला. त्यात भारतातून चेन्नई होतं, आणि तिथलं काम डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेशी जोडलेलं होतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर घरी जाण्याआधी तासभर निवांत बोलणं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. विचारायचं काय? कसे आहात, झोप लागते का, काही मदत हवी का. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ चौकशा. खर्चाच्या हिशेबात याहून स्वस्त उपचार मला तरी माहीत नाही.

घराजवळचं उदाहरणही आहे. ‘संगत’ या संस्थेनं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालवला. गावातलेच कार्यकर्ते नेमले, ते घरोघर जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलत. त्यांच्या मागं समुपदेशक, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कोणाकडं उपचाराला जात होते. उपक्रमानंतर सत्तावीस जाऊ लागले. आदल्या वर्षभरात जीव देण्याचा विचार मनात आला, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर उतरलं. महाराष्ट्र शासनानंही २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत, बुलडाण्यासह, ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशाताईंनी शेतकरी कुटुंबांत जाऊन मनाची विचारपूस करायची, असं ठरलं. आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत हे गावाला दिसतं. तरी गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचणारं माणूस दुसरं कोणी नाही, म्हणून या कामाचं प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही त्यांना नीट मिळालं पाहिजे.

आणि एक गोष्ट वेळेची. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली. पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं, आणि शेतीचं उत्पादन घटल्याचंही दिसलं नाही. लोकांची दुःखं तर तेवढीच होती. फरक पडला तो एवढाच की ती सर्वांत वाईट घडी माणसाला पार करता आली. ही घडी थोड्या वेळाची असते. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आपलं आयुष्य जगतात. म्हणून घरात कोणी फार खचलेलं दिसलं तर शेतीची रसायनं आणि इतर घातक वस्तू घरातून हलवाव्यात, कुलपात ठेवाव्यात, आणि त्या माणसाला त्या दिवसांत एकटं सोडू नये.

विचारायचं कसं, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. भीती अशी की आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आपणच घातलं तर? तसं होत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दही आहे. ओट्यावर शेजारी बसून सरळ विचारावं, “भाऊ, जीवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?” आणि विचारून झालं की गप्प राहावं. ‘पोरांकडं बघ’, ‘असा कसा रे नामर्दासारखा’, ‘देवानं दिलेला जन्म आहे’ यातलं काहीही बोलू नये, त्यानं ओझ्यात भरच पडते. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्याबरोबर उठावं. मोताळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाता येतं. बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा मिळते. घाट चढून जावं लागतं, म्हणून त्याला एकट्याला बसमध्ये बसवून देऊ नये. सोबत जावं.

‘पोलीस केस होईल’ ही धास्तीही सोडायला हवी. या भीतीपायी माणसं दवाखान्यात खोटं सांगतात आणि मोलाचा वेळ जातो. मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ मध्येच, एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणारं कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढं सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय टिकला नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं सरसकट कलम उरलेलंही नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असा विचार येत असेल, तर त्यानं आज, आत्ता, कोणा एकाला सांगावं. घरात सांगवत नसेल तर १४४१६ लावावा. हा ‘टेली-मानस’चा क्रमांक. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.

राहिली ती ताडपत्रीवरची माणसं. तेरा दिवस घर भरलेलं असतं. तेरवीचं जेवण झालं, मंडपाचे बांबू निघाले, की येणंजाणं थांबतं. त्यानंतर त्या घरातल्या बाईला, आईला, शाळेत जाणाऱ्या पोराला लोक वेगळ्या नजरेनं बघतात, सणाला बोलवायचं की नाही यावर घरोघर कुजबुज होते, आणि ज्या घराला सर्वांत जास्त माणसं हवी असतात तिथं कोणी फिरकत नाही. एका मृत्यूनंतर त्याच घरातल्या दुसऱ्याला धोका वाढतो, हेही अभ्यासातून पुढं आलेलं आहे. तेव्हा तुमच्या गावात असं एखादं घर असेल तर चौदाव्या दिवशी तिथं जा. काहून गेला, केस पात्र झाली का, हे काही विचारू नका. पोराची शाळा, शेतातली तूर, आईचं गुडघ्याचं दुखणं, यावर बोला. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, आणि मग महिन्यानं पुन्हा. चेन्नईत नऊ खेपा पुरल्या होत्या.